थोरली, तिसरी, धाकटी, दुसरी

खोली भाड्यानं मागायला गेले तेव्हा आबांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, एकटी बाई कशी राहणार तेही विचारलं नाही. कोपरापर्यंत काळे झालेले हात बंडीला लागू नयेत म्हणून हवेत धरून ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, सकाळी उठल्यावर जीभ कुठल्या रंगाची असती?"

मी कोडोलीची. शाळेतली पहिली नोकरी, कोल्हापुरात ओळखीचं कुणी नाही, आणि घरमालक जिभेची चौकशी करतोय. पिशवी उचलून परत फिरणार तेवढ्यात आतून त्यांची मुलगी बाहेर आली. "घाबरू नका हो," ती म्हणाली. "आबा सकाळपासनं गाडीचे प्लग बघालेत. आता त्यांना सगळं जगच प्लग दिसणार. या, च्या घ्या. मी आत्ताच टाकलो."

आमच्याकडं पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. पुण्याच्या लोकांना त्यात एवढं हसण्यासारखं काय वाटतं कोण जाणे. मला मात्र त्या "मी टाकलो"नं धीर आला आणि मी राजारामपुरीतल्या त्या घराच्या मागच्या खोलीत सहा वर्षं राहिले.

आबा पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेले. अंगणात जांभळाच्या झाडाखाली त्यांची गाडी असे. काळी, बुटकी, गोल डोळ्यांची. गाव सोडून चाललेल्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. सोमवार ते शनिवार ती झाकलेली असायची. रविवारी सकाळी आबा तिच्यावरचं कापड काढत, घडी घालत, बॉनेट उघडत, आणि तिथून दुपारच्या जेवणापर्यंत त्यांच्याशी घरातलं काहीही बोलून उपयोग नसे.

चार प्लग काढायचे, पाटावर वर्तमानपत्र घालून त्यावर ओळीनं मांडायचे, आणि आधी नुसतं बघायचं. हा बघण्याचा भाग फार वेळ चाले. मग पेट्रोलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशानं घासायचे. प्लगच्या टोकाशी दोन तारांमध्ये जी फट असते, ती मोजायला बाजारात पट्ट्या मिळतात. आबांच्या पट्ट्या कधीच हरवल्या होत्या. ते थोरल्या मुलीची लग्नपत्रिका दुमडून त्या फटीत घालत. "जाड कागद हाय. त्या वेळचा छापखाना चांगला हुता," असं म्हणत. त्या पत्रिकेवरच्या गणपतीचं पोट पेट्रोल लागून लागून पुसून गेलेलं होतं.

उद्यमनगर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथं इंजिनाची नस न् नस ओळखणारी माणसं बसलेली. पण आबांनी गाडी तिथं कधी नेली नाही. तिथलाच एक मेकॅनिक, आबांच्या ओळखीचा, येताजाता अंगणात थांबे. एकदा न राहवून म्हणाला, "आबा, इतक्यांदा काढू नगासा प्लग. आटं जात्यात. गाडी आठवड्यातनं चार मैल चालती तुमची."

"तुझं पोरगं दिवसभर काय करतंय?"

"पाळण्यात असतंय की. बारकं हाय अजून."

"मग त्याला रोज कशाला न्हाऊ घालतोस रं?"

तो बिचारा हसत हसत सायकलवर बसून निघून गेला.

प्लगचा रंग बघून इंजिनाच्या पोटातलं कळतं, ही खरी विद्या आहे. पण आबांनी ती इंजिनापुरती ठेवली नाही. "ह्यो बघा, दुधाच्या चहाच्या रंगाचा. ह्याचं चांगलं चाललंय. ह्यो काळा. खातो लई, पचवत न्हाय. आणि ह्यो पांढरा पडलाय बघा, म्हंजे उपाशी ठेवून पळवलाय त्याला." एकदा आमचे हेडमास्तर त्यांना भाजी मंडईत दिसले. घरी आल्यावर मला म्हणाले, "बाई, तुमचा सायेब पांढरा पडलाय. घरात कोण विचारत न्हाय वाटतं." मी हसण्यावारी नेलं. पुढच्या महिन्यात शाळेत कळलं, हेडमास्तरांची बायको माहेरी गेलीय, ती परत येणार नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी सकाळी उठून आधी आरशात जीभ बघत असे.

प्लग परत बसवताना ते पान्याला हात लावत नसत. डोळे मिटून, दोन बोटांनी, हलक्या हातानं फिरवत. कुठं अडतंय का, वाकडा जातोय का, हे त्या बोटांना कळे. "पहिले आटे हातानं," ते पुटपुटत. "पाना मागनं." हे वाक्य त्यांनी मला वर्गातल्या दंगेखोर मुलांबद्दल ऐकवलं, शेजारच्या नव्या सुनेच्या सासूला ऐकवलं. सासूला काय कळलं माहीत नाही. मी मात्र पुढं तीस वर्षं त्या एका वाक्यावर शाळा केली. नवीन वर्ग हातात आला की पहिला महिना मी पट्टी टेबलाच्या खणातच ठेवायची.

आता वायरींचं सांगायला हवं, कारण या गोष्टीत सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं.

इंजिनात चार प्लग ओळीनं असतात, एक, दोन, तीन, चार. पण ठिणगी या ओळीनं पडत नाही. आधी पहिल्यात, मग तिसऱ्यात, मग चौथ्यात, आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्यात. म्हणून वीज वाटणाऱ्या त्या गोल टोपणापासून प्लगपर्यंत येणाऱ्या चार जाड वायरी त्याच क्रमानं लावाव्या लागतात. एक जरी चुकली तरी इंजिन ठसकतं, फटाके फोडतं आणि बंद पडतं. शहाणा माणूस एक वायर काढतो, तिचं काम करतो, ती लावतो, मग दुसरीला हात घालतो. आबा चारही एकदम उपटत. कारण तो क्रम त्यांच्या घरातलाच होता.

त्यांना चार मुली. थोरलीचं लग्न आधी झालं. मग तिसरीचं. मग धाकटीचं. राहिली दुसरी, पहिल्या दिवशी मला च्या पाजणारी.

"थोरली, तिसरी, धाकटी, दुसरी," असं म्हणत आबा एकेक वायर टोपणात दाबून बसवत. टक, टक, टक, टक. दुसरी त्या वेळी स्वयंपाकघरात कांदा चिरत असायची. तिनं ते किती रविवार ऐकलं असेल याचा हिशेब मला त्या काळात कधी सुचला नाही.

मला ते सकाळचे आवाज फार आवडत. माझ्या खोलीची खिडकी अंगणाच्या बाजूला होती. रविवारी मी उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहायची. जांभळाच्या पानांतून उन्हाचे तुकडे भिंतीवर हलत असायचे, पेट्रोलचा वास यायचा, कुणाकडं तरी रेडिओ लागलेला असायचा, आणि मग गाडी सुरू व्हायची. आबा तिला तशीच उभ्या जागी चालू ठेवत. एका लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाला धरत आणि ऐकत बसत. मलाही अर्धवट झोपेत तो ठेका ऐकू यायचा. थोरली, तिसरी, धाकटी, दुसरी. थोरली, तिसरी, धाकटी, दुसरी. मग माझा परत डोळा लागायचा, आणि स्वप्नात चार बहिणी एकामागून एक उंबरा ओलांडून जाताना दिसायच्या.

एका श्रावणात आबा, दुसरी आणि मी असे तिघं पन्हाळ्याला निघालो. वाघबीळच्या पुढं धुकं एवढं दाट की गाडीचं नाक दिसेना. तिथंच ती दोन आचके देऊन थांबली. वायरींना दमट हवा लागली होती. आबांना त्याचं जराही वाईट वाटलं नाही. त्यांनी चारही वायरी काढल्या, स्वतःच्या टोपीनं पुसल्या आणि आमच्या हातात दोन दोन दिल्या.

"काखेत धरा. ऊब लागली की वाळत्यात."

ते पुढं दरीच्या कडेला जाऊन धुक्याकडं बघत उभे राहिले. आम्ही दोघी दगडावर बसलो, काखेत वायरी धरून. एक एसटी आमच्या शेजारून गेली. खिडकीतली माणसं माना वळवून बघत होती. मग ती धुक्यात शिरली आणि तिचा आवाजही नाहीसा झाला. सगळीकडं पांढरं, गार, ओलं. कुठंतरी गुरांच्या गळ्यातली घंटा वाजत होती. इतकी शांतता होती की जोरानं बोलावंसं वाटेना.

तेव्हा ती मला म्हणाली, "तिसरीचा नवरा हाय न्हवं, तो मला बघायला आलता."

मी घसरलेली वायर परत काखेत सारली.

"पोहे मीच केलतो. पसंतबी केलतं त्यांनी. पण आई तेव्हा अंथरुणाला खिळली हुती. तिचं सगळं मीच करायचो. आबांनी त्यांना सांगितलं, हिचं मागनं बघू, तिसरीचं जमतंय का बघा. तेबी तयार झाले. मग आईनं डोळे मिटायच्या आधी बघू दे म्हणून धाकटीचंबी उरकलं. मग आई गेली."

"तुला राग नाही आला?"

"आला की. पण काढायचा कुणावर? आई अंथरुणावर, आबा गाडीखाली."

एवढं बोलून ती हसली आणि काखेतली वायर काढून गालाला लावून बघितली. "वाळली वाटतं," म्हणाली. आबा धुक्यातून परत आले. टोपी ओलीच, तशीच डोक्यावर घातलेली. त्यांना त्यातलं काही ऐकू गेलं की नाही मला कळलं नाही. पण वायरी लावताना त्या दिवशी ते काही पुटपुटले नाहीत.

ती तेव्हा तेहतीस-चौतीस वर्षांची असेल. आबांनी तिला सागरमाळावर नेऊन गाडी चालवायला शिकवली होती, इंजिनाचं सगळं शिकवलं होतं. गल्लीतली माणसं म्हणत, आबांना मुलगा नाही म्हणून ते हिला मुलासारखं वागवतात. मला ते खरं वाटायचं नाही. माझं मत असं होतं की आबांना ती गेली तर राहता येणार नाही आणि म्हणून ते तिच्या लग्नाचा विषय काढत नाहीत. मी तेव्हा पंचविशीची होते. माणसांबद्दल माझी मतं फार पक्की असत.

आणि म्हणून मीच उद्योग केला. जयसिंगपूरच्या एका शाळेतले विज्ञानाचे मास्तर परीक्षेच्या कामाला आमच्या शाळेत येत. पहिली बायको वारलेली, मूल नाही, घरी म्हातारी आई. शांत माणूस. मी त्यांना एकदा चहाला घरी आणलं, मग परत आणलं. तिसऱ्या खेपेला ती दोघं माझ्याशी न बोलता एकमेकांशीच बोलत बसली तेव्हा मी कपबश्या घेऊन आत गेले. त्यांच्या आईनं निरोप धाडला, रविवारी दहा वाजता जयसिंगपूरला या, चार माणसांत सुपारी फोडू.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाडी जयसिंगपूरपतोर जाईल का बघाय पायजे."

त्यांनी चार नवे प्लग आणले. चार नव्या वायरी आणल्या. आठवडाभर त्या पुडक्यात तशाच पडून होत्या. रविवारी उजाडल्या उजाडल्या मला जाग आली तर आबा अंगणात, जुन्या वायरी उपटून खाली टाकलेल्या. पाटावर नवे प्लग. आज ते नुसतं बघत बसले नव्हते, भराभर काम करत होते. पान्याचा आवाज येत होता. तोंडानं काही म्हणत नव्हते.

साडेआठला आम्ही तयार झालो. तिनं हिरवी रेशमी साडी नेसली होती, केसांत अबोलीचा गजरा. थोरल्या बहिणीनं सांगलीहून धाडलेली पेढ्यांची पेटी माझ्या मांडीवर. आबांनी किल्ली फिरवली. गाडी थरथरली, ठसकली आणि मागून असा बार काढला की जांभळावरचे कावळे उडाले. परत फिरवली. परत बार. सगळी गल्ली बाहेर आली.

"ढकलूया की आबा."

ढकलली. वरच्या चौकापर्यंत नेली आणि परत आणली. इंजिन खोकायचं, हिसके द्यायचं, मरायचं. साडेनऊ झाले.

"उद्यमनगरातनं कुणाला तर बोलवू," शेजारी म्हणाले.

"नको," आबा म्हणाले. ते घामानं भिजले होते. "ऱ्हाऊ दे. आजचा दिवस दिसत न्हाय."

माझा संयम सुटला. मी पेढ्यांची पेटी सीटवर आपटली आणि सगळ्या गल्लीसमोर म्हणाले, "आबा, तिनं जायला नकोय ना तुम्हाला? मग तसं सरळ सांगा की! डोळे मिटून लावता त्या वायरी, आणि आजच बऱ्या चुकतात?"

आबा जांभळाच्या बुंध्याशी जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मला ते वाक्य परत घ्यावंसं वाटतं.

ती खाली उतरली. पदर खोचला, बॉनेट उघडलं आणि टोपणापासून एकेका वायरीवरून बोट फिरवत गेली. एकदा गेली. परत एकदा गेली. मग तिचं बोट थांबलं.

"आबा, हिकडं या."

ते उठून आले.

"हे मुद्दाम केलासा व्हय?"

आबांनी वाकून बघितलं. मग त्यांनीही बोट फिरवायला सुरुवात केली, आणि आज पहिल्यांदा तोंडानं म्हणाले, "थोरली..." बोट पुढं सरकलं. "दुसरी. धाकटी." शेवटची वायर आली. "तिसरी."

ते तसेच वाकून राहिले. तिसरीची जागा त्यांनी दुसरीला दिली होती आणि दुसरीची तिसरीला.

"न्हाय पोरी," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मी पुढं झाले म्हणून ऐकू आला. "आईची आण, मला ठावं न्हाय. हातानं केलं. हाताला वाटलं आसंल, थोरलीच्या मागनं तूच."

तिनं दोन वायरी ओढून काढल्या आणि अदलाबदल करून दाबून बसवल्या. कांकणांना काळं लागलं, बोटं काळी झाली. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्याला लागली. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"बसा आबा पलीकडं," ती म्हणाली. "आज मी चालवतो."

हातकणंगल्याच्या पुढं दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये सरळ रस्ता. गाडी इतकी मऊ चालली होती की जमिनीवर आहोत असं वाटेना. आबा मांडीवर काळे हात उताणे ठेवून समोर बघत होते. मी मागं बसले होते. मला त्यांची माफी मागायची होती आणि ते जमेना, म्हणून मी नुसतीच त्यांच्या टोपीकडं बघत राहिले. तो प्रवास मला अजून कधीतरी स्वप्नात दिसतो. स्वप्नात तो संपत नाही.

जयसिंगपूरला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. दारात माणसं ताटकळलेली. मास्तरांचे एक मामा पुढं आले, मागच्या सीटवर मला बघून म्हणाले, "या नवरीबाई."

"मी नव्हे," मी म्हणाले. "त्या."

ती ड्रायव्हरच्या सीटवरून उतरली. हिरवी साडी आणि मनगटापर्यंत काळे हात. मामांनी बाजूला होऊन वाट दिली. बैठकीत बसल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "पावणं, मुहूर्त टळला की हो. एवढा उशीर म्हंजे..."

आबा उभे राहिले. सगळ्यांना वाटलं गाडीचं काहीतरी सांगणार.

"उशीर माझ्यामुळं झाला," ते म्हणाले. "आज तासाभराचा झाला. पण त्याच्या आधी तेरा वर्सांचा झालाय. हिचा नंबर दुसरा हुता. हिला बघाय आलेलं स्थळ मी हिच्या बहिणीला दिलं, घरात कोणतर पायजे म्हणून. हिला इचारलं न्हाय. ती मला कधी बोलली न्हाय आणि मीबी तिला कधी बोललो न्हाय. तुमच्या म्होरं सांगतो, चुकलं ते माझंच."

ती खाली मान घालून बसली होती. तिला मी आईच्या आठवणीनंसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. आता तिच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब पडला, आणि काळ्या बोटांनी तो पुसता येईना.

मास्तरांची आई पहिली बोलली. "सुपारी काय पळून जाती व्हय? आधी पोरीला हात धुवू द्या."

मास्तर स्वतः उठले, साबण आणि तांब्या घेऊन मागच्या मोरीपाशी गेले. ती त्यांच्यामागून गेली. मी पदर धरायला सोबत होते. मास्तर पाणी ओतू लागले, ती हात चोळू लागली. थोड्या वेळानं तिनं मान वळवून आत बघितलं. आबा अजून बैठकीत उभेच होते, कुठं बसावं ते कळत नसल्यासारखे.

"आबा," तिनं हाक मारली. "तुमचेबी काळेच हायत की. या हिकडं."

ते आले. तिनं त्यांचे दोन्ही हात धरून पाण्याच्या धारेखाली ओढले आणि साबण लावून एकेक बोट चोळायला लागली. एका तांब्यात भागलं नाही. मास्तर दुसरा भरून आणायला आत गेले, तोवर ती दोघं तशीच, साबणाचे हात एकमेकांत धरून, मोरीपाशी उभी होती.